साहेबाच्या बाटलीतली साखर

उम्म सईद, कतर
१४ नोव्हेंबर १९५७

मोहतरम बशीरमामू यांना भाचा जहूर याचा अदबीने सलाम.

आपल्या दुवेने मी इथे खैरियतने आहे, हवा आता कुठे जरा माणसाळली आहे, आणि तिकडे आपल्या गुडघ्यांची, जैतूनमामींच्या दम्याची आणि काळ्या गाईच्या शिंगाची (ते कुंपणात अडकल्याचे मागच्या पत्रात होते, पुढे सुटले की नाही ते नव्हते) खैरियत अल्लाहपाशी रोज मागतो. मोतीबिंदू झाल्यापासून आपल्याला पत्रे वाचून दाखवावी लागतात हे ठाऊक आहे, म्हणून अक्षर मोठे काढले आहे. पत्र लांब आहे. वाचणाऱ्याने मध्ये पाणी प्यायला हरकत नाही.

आपले कार्ड मिळाले. सोळा दिवसांचा समुद्र ओलांडून दोनच ओळी आल्या: "दिलावर सांगतो, तू साहेबाकडे दारू गाळतोस. खरे की खोटे ते कळव, तोवर रजब लांब आहे." मामू, रजबच्या महिन्यात आपल्या थोरल्या मुलीशी माझा निकाह ठरला आहे (नाव लिहीत नाही, आपल्यासमोर बरे दिसत नाही), हे मला दिवसातून पाच वेळा तरी आठवते आणि नमाजाच्या मध्येही कधी कधी आठवते, त्याची वेगळी माफी मागतो. म्हणून त्या दोन ओळी वाचल्यावर माझ्या पायाखालची वाळू सरकली. इथे तशीही सगळी वाळूच आहे, पण सरकली. दुपारी जेवलो नाही. रात्री जेवलो, खोटे कशाला सांगू, त्या दिवशी सुरमई होती.

तर जे घडले ते सगळे, पहिल्यापासून, काही न लपवता लिहितो. मग आपण काय तो न्याय करावा.

पहिली गोष्ट ही की दिलावर खोटारडा नाही. तो इथल्या मेसमध्ये कांदे-बटाटे सोलतो, पाच वक्ताचा नमाजी आहे, आणि त्याने जे पाहिले ते हुबेहूब असे होते: सकाळचे अकरा वाजलेले, लॅबोरेटरीच्या मागच्या खोलीत मी फरशीवर पालथा पडलेलो, गाल जमिनीला टेकलेला, आजूबाजूला बिअरची छोटी छोटी थारोळी, आणि मी पुटपुटतो आहे, "सतरा, अठरा, एकोणीस, या, या, लाजू नका." दिलावर दारातूनच तौबा तौबा करत मागे फिरला आणि तिसऱ्या दिवशी रजेवर गावी निघाला. त्याच्या जागी मी असतो तर मीही गावात हेच सांगितले असते, कदाचित थोडे वाढवूनच. पण मामू, मी मुंग्या मोजत होतो. आता शुद्धीवरचा माणूस बिअरजवळ पालथा पडून मुंग्या का मोजेल हे सांगायचे तर आधी क्लेगसाहेब सांगावा लागेल, आणि क्लेगसाहेब सांगायचा तर त्याची मेम सांगावी लागेल.

क्लेगसाहेब आमच्या लॅबोरेटरीचा मुख्य. तिकडे दुखानला तेल निघते, पाइपातून इथे येते, जहाजात भरण्याआधी साहेब त्याची परीक्षा घेतो. मी त्याचा मदतनीस. नमुने आणणे, आकडे उतरवणे आणि बाटल्या धुणे हे माझे काम. (गावात आपण 'भाचा केमिस्ट आहे' असे सांगता असे कानावर आले. मी हरकत घेत नाही.) साहेबाचे वय पन्नाशीच्या पुढे, बोलणे कमी, तोंडात तीस वर्षांपासून पाइप. इथे गोऱ्यांना परवान्यावर बाटल्या मिळतात, पण या साहेबाला आपल्या हातची हवी. विलायतेहून काकवीसारखा काळा पाक डब्यातून मागवतो, कडू फुले मागवतो, खमीर मागवतो, आणि मागच्या जाड भिंतीच्या खोलीत एनॅमलच्या मोठ्या पिंपात ते सगळे घालून त्यावर झाकण ठेवून, एखादी कोंबडी अंड्यावर बसवल्यासारखा रोज कान लावून ऐकतो. पहिल्याच दिवशी मी त्याला सांगितले होते की मी चाखणार नाही आणि कुणाला ओतून देणार नाही. तो म्हणाला, चाखायला तुला कोण सांगतो, धू. मी तेलाच्या बाटल्या धुतो, पाण्याच्या धुतो, त्यात या धुतल्या. इथवर माझा गुन्हा साबणाएवढाच होता.

जुलैत मेम आली. जिथे बाराही महिने पाऊस पडतो आणि परसात फळे लटकतात अशा गावची बाई, आणि इथे समोर मीठ, मागे वाळू, मध्ये टाक्या. रोज संध्याकाळी व्हरांड्यात बसायची आणि समुद्राकडे बघत राहायची. नाताळाला परत जाते असे ती म्हणाल्याचे ड्रायव्हर रहमानने ऐकले होते. (रहमान आपल्याच तालुक्यातला, तोंडात सदा पान, कान मात्र रिकामे.) साहेब रोज तिच्यापुढे आपल्या बिअरचा ग्लास ठेवी, ती एक घोट घेऊन कडू म्हणून सरकवून देई. मग एक दिवस ती म्हणाली की बापाच्या बागेत रासबेरी असायची. रासबेरी हे तिकडचे एक तांबडे फळ, आपल्या अळू-करवंदांच्या दूरच्या नात्यातले असावे. पुढच्या जहाजाने रासबेरीच्या पाकाच्या सहा बाटल्या आल्या. साहेबाने तो गोड पाक बिअरमध्ये घातला, बाटल्या भरल्या, बुचे लावली, आणि आठव्या दिवशी एक बाटली मेमच्या पुढे उघडली. निम्मी व्हरांड्याच्या छताला लागली. उरलेल्या निम्मीत वास फळाचा होता, पण गोडी पार गेलेली, चव कोरडी ठणठणीत. मेमने ग्लास खाली ठेवला आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी साहेबाने मला विचारले, "जहूर, शक्कर किधर गया?"

एवढेच. आवाज चढवला असता तर बरे वाटले असते. त्या खोलीची किल्ली एकट्या माझ्याकडे, आणि मला सरबताचा किती नाद आहे हे रमजानमध्ये सगळ्या कॅम्पने पाहिलेले. सहा वर्षे या माणसाकडे काम केले, एक बूच इकडचे तिकडे केले नाही, आणि आता माझ्याकडे पाकचोर म्हणून बघतात. माझा संताप झाला. मी म्हटले, पुन्हा करा, माझ्यादेखत पाक घाला, कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात घाला. साहेबाने तसेच केले. बुटाच्या नाडीत ओवून त्याने आठ दिवस ती किल्ली गळ्यात वागवली, आणि मी आठ दिवस दर नमाजानंतर दुवा मागितली की याही बिअरमधली गोडी जाऊ दे. अशी दुवा आमच्या खानदानात कुणी मागितली नसेल, आणि ती कबूल झाली याचे मलाच नवल वाटते.

आठ दिवसांनी प्रश्न असा आला की गोडी आहे की गेली हे ठरवायचे कुणी. साहेबाची जीभ पाइपने चामड्यासारखी झालेली. त्याला चहात साखर आहे की मीठ हे कपाकडे बघून कळते. मेमला पक्के झाल्याशिवाय पुन्हा त्रास द्यायचा नव्हता. तो म्हणाला, एक थेंब, जहूर. मी हात जोडले. तेव्हा मला माझी आई आठवली, आपली धाकटी बहीण. ती वाण्याकडची काकवी आधी मुंग्यांना दाखवून मगच घ्यायची. मी साहेबाला म्हटले, मुंग्यांना विचारू. साहेब शास्त्राचा माणूस, त्याला हे एकदम पटले. फरशीवर एकीकडे साखरेच्या पाण्याचा थेंब, एकीकडे ताज्या पाक घातलेल्या बिअरचा आणि एकीकडे कुलपातल्या बिअरचा. घड्याळ लावून अर्धा तास, आणि मोजायला मी, पालथा, कारण मुंग्या उभ्याने मोजता येत नाहीत. दिलावर दारात आला तो याच अर्ध्या तासात. साखरेवर बावन्न मुंग्या आल्या, ताज्यावर एकोणतीस, आणि कुलपातल्या बिअरवर दोन, त्याही वाट चुकलेल्या दिसत होत्या.

म्हणजे गोडी गेली होती. कुलूप तसेच, किल्ली साहेबाच्या गळ्यात, बूच पक्के, आणि आतली साखर नाही. मामू, मी चोर नाही हे सिद्ध झाल्याचा आनंद मला क्षणभरच झाला, मग भीतीच वाटायला लागली. बंद बाटलीतून गोडी काढून नेणारा तो कोण? मी आयतुल कुर्सी म्हणून खोलीच्या चारी कोपऱ्यांत फुंकर मारली. साहेबाने विचारले काय करतोस, मी सांगितले, इथे जिन आहे. तो हसला नाही. जिन आहे खरा, ये, दाखवतो, म्हणाला.

आता जे लिहितो ते (वाचणाऱ्याने इथे जरा हळू वाचावे) माझ्या आयुष्यात मी पाहिलेली सर्वांत मोठी गोष्ट आहे, आणि ती मोहरीच्या दाण्याहून लहान होती. साहेबाने बाटलीच्या तळचा गाळ घेतला, त्याचा एक थेंब काचेच्या पट्टीवर ठेवला, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि मला डोळा लावायला सांगितले. आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग साहेबाने बाजूचे चाक फिरवले आणि माझ्या अंगावर काटा आला. त्या थेंबात वस्ती होती. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे गोल गोल दाणे, शेकडो, हजारो, एकमेकांना टेकून बसलेले, आणि पुष्कळांच्या कडेवर एक एक लहान दाणा, आणि त्या लहानाच्याही कडेवर कुठे कुठे त्याहून लहान. साहेब म्हणाला, हे खमीर, हे सगळे जिवंत आहेत, आणि ती पोरे आहेत. तुझी साखर यांनी खाल्ली. मी विचारले, तोंड कुठे आहे? तो म्हणाला, तोंड नाही, पोट नाही, डोळे नाहीत, सगळ्या अंगाने खातात. खाऊन झाले की हवा सोडतात, तीच बूच उडवते, आणि नशाही त्यांचीच करणी. बिअरमध्ये घातलेली प्रत्येक गोड गोष्ट, मग ती रासबेरीची असो की कशाची, ते शेवटच्या कणापर्यंत खाणार, आणि खाऊन लेकरे घालणार.

मी अर्धा तास डोळा काढला नाही. साहेबाचा चहा निवला, माझी मान आखडली. मामू, आपण जुम्म्याला मशिदीत सांगता की अल्लाहने जे निर्माण केले त्यातले आपल्याला दिसते ते थोडे आणि दिसत नाही ते फार, आणि मी मान हलवतो, पण खरे सांगू, तेव्हा माझे लक्ष बिर्याणीकडे असते. त्या दिवशी मला कळले की आपण काय सांगता. हजारो वर्षे आपली रोटी फुगते ती यांच्यामुळे, आणि आजवर एकाने त्यांना सलाम केला नाही. माझ्या तोंडून मोठ्याने सुबहानअल्लाह निघाले. साहेबाने अर्थ विचारला. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितला, की निर्माण करणारा किती थोर. त्याने तोंडातला पाइप काढला आणि म्हणाला, तीस वर्षे मी हे बघतो आहे, पण माझ्याकडे यासाठी असा शब्द नव्हता.

त्या दिवसापासून ही साखर वाचवणे हे माझेच काम होऊन बसले, कुणी सांगितले नव्हते तरी. इथे माझ्याकडून चूक झाली, आणि ती चूक आपल्याच वाडीतून आली. आपल्या खाडीकडच्या अकरा माडांवर भंडारी चढतो. (ते माड आपण त्याला लावून दिले आहेत, याचा उल्लेख मी केवळ संदर्भासाठी करतो.) त्याला मी लहानपणी विचारले होते की सकाळची नीरा गोड आणि दुपारची माडी आंबट, असे का. त्याने मला मडके आतून दाखवले, ते चुन्याने सारवलेले होते. ज्या मडक्याला चुना लावतो त्यातला रस गोड राहतो, न लावलेल्यातला चढतो. आणि त्या न लावलेल्या मडक्यातली माडी जैतूनमामी सांदणांच्या पिठात घालतात, म्हणून ती कापसासारखी फुगतात, हेही मला आता सूक्ष्मदर्शकामुळे कळले. तेच दाणे, मामू, तीच वस्ती, कडेवर पोरे घेतलेली. मी रजेवर आलो होतो त्या ईदला आपण अठरा सांदणे खाल्लीत, मी मोजली होती. मी कुणाकडे बोट दाखवत नाही. सांदणे फार छान झाली होती.

तर मी रहमानच्या पानाच्या डबीतला चुना मागून घेतला. रहमानने कारण विचारले, मी म्हटले शास्त्रासाठी. तो म्हणाला, "चुना लावायला शास्त्र कशाला लागता, आमचो मुकादम रोज लावता." तरी दिला. साहेबाला भंडाऱ्याची हकिकत सांगितली, त्याने वहीत उतरवून घेतली, आणि आम्ही एका जगमध्ये पाक घातलेली बिअर घेऊन त्यात चांगला चमचाभर चुना टाकला. मामू, भंडारी चुना रस गळायच्या आधी लावतो. वस्ती बसल्यावर नाही. हा फरक मला पुढे समजला. जगमधून फेस उठला तो दूध उतू जावे तसा टेबलावर, टेबलावरून साहेबाच्या बुटांवर. आणि रासबेरीचा तो सुंदर तांबडा रंग माझ्या डोळ्यांदेखत आधी जांभळा झाला, मग निळा, मग आपल्या मशिदीच्या दाराला लावलेल्या जुन्या रंगासारखा हिरवट-करडा. मी इतका थक्क झालो की जग धरायचेही सुचले नाही. साहेबाने, शास्त्राशी इमान राखून, एक घोट घेतला. त्याच्या चामड्याच्या जिभेलाही तो कळला.

नेमकी त्याच वेळी मेम दारात आली. तिला दिसले ते असे: नवरा खिडकीशी उभा, पांढऱ्या मिशीला निळा फेस, बूट भिजलेले, आणि मी फरशीवर चुन्याची डबी छातीशी धरून बसलेलो. ती हसली. आधी तोंडावर हात धरून, मग हात काढून, मग स्टुलावर बसून, मग डोळे पुसत. दोन महिन्यांत तिचा आवाज आम्ही कुणी धड ऐकला नव्हता. साहेब मिशी न पुसता तिच्याकडे बघत राहिला. मी तिथून बाहेर निघून आलो, आणि का कोण जाणे, मला रजबची फार आठवण झाली.

त्यानंतर मेम रोज लॅबोरेटरीत येऊ लागली. आम्ही तिघे (मुंग्या धरल्या तर पुष्कळ) एकाच कामाला लागलो. उकळून खमीर मारून टाकायचा एक मार्ग होता, पण साहेब म्हणाला त्याने फळाची चव शिजते, आणि खरे सांगायचे तर एवढ्या लेकुरवाळ्यांना उकळायला माझाही हात धजेना. मग थंडीत ठेवून पाहिले. रेफ्रिजरेटरमध्ये ते झोपतात, खात नाहीत; दहा दिवसांनी काढलेल्या थेंबावर चौतीस मुंग्या आल्या आणि साहेबाने माझी पाठ थोपटली. पण पुढच्या जुम्म्याला दुरुस्तीसाठी कॅम्पची वीज पाच तास बंद झाली. झोपलेले उठले, उपाशी होतेच. शनिवारी सकाळी दार उघडले तर बारातल्या सात बाटल्या फुटलेल्या, आणि साहेबाचे तेलाचे नमुने रासबेरीत न्हालेले. त्या आठवड्यात आमच्या तेलाचे आकडे असे आले की बाहरीनच्या ऑफिसमधून विचारणा झाली.

शेवटी युक्ती सापडली ती मेमच्या पर्समध्ये. ती चहात साखर घालत नाही, अंग वाढते म्हणून. एक चिमुकली पांढरी गोळी टाकते, सॅकरिन नावाची. एक दिवस चहा ढवळता ढवळता ती थांबली आणि म्हणाली, हे ते दाणे खातील का? साहेबाने पाइप खाली ठेवला. पुन्हा रासबेरीचा पाक घातला, खमिराला त्याची साखर पोटभर खाऊ दिली, फळाचा वास तेवढा उरला, मग बाटल्या भरताना गोळ्या विरघळवून घातल्या. तीन आठवडे थांबलो. बूच उडाले नाही. मी फरशीवर थेंब टाकला आणि पालथा पडलो. अर्धा तास. एकही मुंगी आली नाही. एक आली, तिने मिशा हलवल्या आणि ती परत गेली. मी जड मनाने उठलो आणि साहेबाला सांगितले, खलास, गोडी गेली.

मेमने तोवर ग्लास तोंडाला लावला होता. ती म्हणाली, गोड आहे. मी म्हटले, नाही. ती म्हणाली, आहे. असा आमचा थोडा वाद झाला, एकीकडे मेम आणि एकीकडे मुंग्या, आणि त्या दिवसापर्यंत मुंग्या कधी चुकल्या नव्हत्या. शेवटी मी एक कोरी गोळी साध्या पाण्यात टाकून (साध्या पाण्यात, मामू, वाचणाऱ्याने हे दोनदा वाचावे) जिभेला लावली. इतकी गोड की कानशिले झिणझिणली. मामू, खमिराला डोळे नाहीत, तोंड नाही, पण ते त्या गोळीला फसले नाही. मुंगी फसली नाही. फसलो तो मी, आणि मेम, आणि आपण सगळी माणसे, अश्रफुल मखलुकात, निर्मितीत सर्वांत श्रेष्ठ म्हणवणारी. यावर मी तीन रात्री विचार केला आणि दर वेळी सुबहानअल्लाहच्या पुढे मला जाता आले नाही.

मेम नाताळाला जात नाही. रोज संध्याकाळी दोघे व्हरांड्यात एकेक ग्लास घेऊन बसतात. काय बोलतात ते रहमानला माहीत.

आता माझ्यापुरते. आपणच सांगता की दारूच्या कामात एकटा पिणारा गुन्हेगार नाही, गाळणारा, वाहणारा, ओतणारा, विकणारा सगळे त्यात येतात. मी रात्रभर ती यादी बोटांवर मोजली आणि 'गोडी राखणारा' तिच्यात सापडला नाही म्हणून थोडा वेळ खूश झालो. पण सकाळी उठल्यावर ती खुशी टिकली नाही. माझा पाय घसरला तो प्यायच्या बाजूला नाही, नवलाच्या बाजूला, तरी घसरला तो घसरलाच. म्हणून कार्ड मिळाले त्याच आठवड्यात मी साहेबापुढे उभा राहिलो आणि सांगितले की त्या खोलीची किल्ली आपण घ्यावी, त्या बाटल्याही मी यापुढे धुणार नाही. साहेबाने कारण विचारले. मी खरे ते सांगितले, रजबसकट. त्याने किल्ली घेतली, आणि म्हणाला की सूक्ष्मदर्शक त्या खोलीत नाही, तो तुला केव्हाही मोकळा आहे. आता मी विहिरीच्या पाण्याचे थेंब बघतो. त्यातही आहेत, मामू. वेगळेच, पळणारे. पण ते पुढे कधी लिहीन.

मी चाखली नाही, प्यालो नाही, विकली नाही. दिलावरवर माझा राग नाही. आपला निवाडा येईल तो मान्य. मामींना, काळ्या गाईला आणि विचारतील त्या सर्वांना माझा सलाम सांगावा.

आपल्या दुवेचा मोहताज,
जहूर

ता. क. — भंडारी भेटला तर त्याला सहज विचारून ठेवावे की मडक्याला चुन्याचे हात किती देतो आणि रस किती तास गोड राहतो. साहेबाच्या वहीत ती जागा कोरी आहे. मी त्या कामात आता नाही, हे वर लिहिलेच आहे.

ता. क. दुसरा — हमिदा, इथून पुढे मोठ्याने वाचू नकोस. मामूंनी विचारले तर म्हण, "पुढे सगळ्यांना सलाम लिहिला आहे." सगळ्यांना सलाम. आता तू खोटे बोलली नाहीस.

मला तुला वेगळे पत्र लिहिता येत नाही आणि मामूंची पत्रे तूच वाचतेस, म्हणून हे एवढे लांब लिहिले. त्या कार्डावरचे अक्षरही तुझे होते. मामूंनी सांगितले, तू लिहिलेस. 'रजब लांब आहे' लिहिताना तुझा हात जड झाला होता की हलका, हे मी त्या दोन ओळींत किती वेळा शोधले, मला कळले नाही.

निकाहाच्या दिवशी तुझ्या बाजूचा वकील आणि साक्षीदार तुझ्यापाशी येऊन कबूल आहे का ते विचारतील. घर माणसांनी भरलेले असेल, मामी रडत असतील, खाली चुलींवर जेवणाच्या डेगा चढलेल्या असतील. अशा वेळी कुणी नाही म्हटल्याचे मी आजवर ऐकले नाही. म्हणून मी आत्ता विचारतो, कुणी ऐकत नसताना. तुला हे हवे आहे का? आपण दोघे मोठे झाल्यापासून चार वाक्ये बोललो आहोत, त्यातली दोन भांडणाची होती. तुझे मन मला माहीत नाही. मेम दोन महिने समुद्राकडे बघत बसलेली मी पाहिली आहे. तसे कुणी माझ्या घरात बसलेले मला बघवणार नाही.

हवे असेल तर पत्राची इथेच घडी घाल आणि पत्र संपले म्हण. नको असेल तर खालची ओळ मामूंना मोठ्याने वाचून दाखव. ते त्याच क्षणी निकाह मोडतील, दोष माझ्याकडे येईल आणि तुला कुणी एक शब्द बोलणार नाही. ती ओळ खरी नाही हे तुला, मला आणि अल्लाहला ठाऊक असेल. त्याच्याकडे माफी मी मागेन.

मामू, दिलावर खरे बोलला. मी दारू पितो.